बाहेरगावच्या माणसांची यादी

पोलीस पाटील म्हणून माझी नेमणूक झाल्याचा कागद आला तेव्हा मी खळ्यावर भात झोडत होते. नवरा बांधावरूनच कागद हलवत आला आणि म्हणाला, "घ्या पाटीलसाहेब, आता आमी आमच्या बायकोची तक्रार कुणाकडं करायची?" सासूबाई हसल्या. मी हात पुसून कागद दोनदा वाचला, कारण मला अजून खरं वाटत नव्हतं.

आमचं गाव डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला. निम्मी शेतं पाण्याखाली गेलेली, उरलेली डोंगराला टेकलेली. पोलीस पाटलाचं पद पिढ्यान् पिढ्या एकाच घरात होतं. मग ते बाईसाठी राखीव झालं. गावात बारावी झालेल्या तीनच सुना होत्या, आणि प्रांताच्या कचेरीतल्या परीक्षेला त्यातली मी एकटीच बसले. आम्ही बौद्ध. पहिला महिनाभर काही घरं दाखल्यासाठी माझ्या दारात यायला कचरली. मग कुणाची बैलजोडी हरवली, कुणाच्या पोराला रहिवासी दाखला लागला, आणि उंबरा ओलांडायची सवय सगळ्यांना झाली.

काम तसं साधं होतं. नवरा-बायकोचं भांडण मिटवायचं, पाण्यात कुणी बुडालं तर पंचनाम्याला उभं राहायचं, गणपतीत वाद्याची वेळ पाळायला लावायची. नेमणुकीच्या दुसऱ्या वर्षी मुंबईत बॉम्बस्फोट झाले. त्या दिवसांत टीव्हीवर दुसरं काहीच नव्हतं. पुढे दिवाळीनंतर आम्हा सगळ्या पोलीस पाटलांना तालुक्याच्या ठाण्यात बोलावलं.

साहेब नवे होते, बोलणं हळू. कुणालाही न दरडावता ते म्हणाले, "बॉम्ब ठेवणारा माणूस आकाशातनं पडत नाही. त्याआधी तो दोन-चार महिने कुठंतरी राहतो. कुणाच्या खोलीत, कुणाच्या मळ्यात, कुणाच्या लॉजवर. नंतर आपण विचारायला गेलो की मालक म्हणतो, साहेब, माणूस बोलायला लई चांगला होता. मला त्या आधीच्या दोन-चार महिन्यांत पोचायचंय. आपल्या तालुक्यात कुणाला लपायला जागा मिळाली असं व्हायला नको. एवढंच."

मग त्यांनी छापील नमुने वाटले. नाव, वय, मूळ गाव, तिथलं ठाणं, कुणाकडे उतरला, कशासाठी आला, मूळ गावी ओळखणारा इसम कोण. शेवटी आमची सही. त्या हिवाळ्यात हे सगळीकडेच चाललं होतं. लेण्याद्रीच्या पायथ्याला यात्रेकरूंना खोल्या देणारे वैतागले होते. पारगावला कारखान्यावर ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या होत्या आणि तिथला पोलीस पाटील म्हणाला, "मला तर जत्राच लिहायचीय, बाई. तुमाला किती?"

"नऊ," मी म्हणाले.

ते नऊ जण म्हणजे धरणातले मासेमार. ठेकेदाराने बिहारातून आणलेले. गावापासून अर्ध्या तासाच्या चालीवर, पाणी ओसरून मोकळ्या झालेल्या काठावर त्यांनी निळ्या प्लास्टिकची पालं ठोकली होती. टायरच्या ट्यूबवर बसून ते जाळी टाकायचे. दुपारी टेम्पो यायचा, बर्फात घातलेला माल घेऊन जायचा. गावात ते मीठ आणि रॉकेलपुरतेच यायचे. आमच्यातल्या काहींना त्यांचा राग होता, कारण शेतं आमची बुडाली आणि मासे मात्र ठेकेदाराचे. पण त्या नऊ जणांनी कुणाच्या काडीलाही हात लावल्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

नमुने पिशवीत घालून मी निघाले खरी, पण पाऊल जड होतं. का, ते सांगते. नव्वदच्या सुरुवातीला माझे वडील जुन्नरच्या पोस्टात बदलून आले. आम्ही खोली शोधत होतो. मी नऊ-दहा वर्षांची असेन, वडिलांचं बोट धरून दारोदार हिंडले. प्रत्येक दारात आधी खोली रिकामी असायची. मग विचारायचे, गाव कुठलं, आडनाव काय, वाडीत कुठल्या आळीला राहता. तिसऱ्या उत्तराला खोली कालच कुणाला तरी दिलेली निघायची. चार रविवार गेले. शेवटी एका म्हाताऱ्या मुसलमान बाईंनी दार उघडलं आणि विचारलं, "पाणी भरायला कोण येईल? विहीर लांब आहे." एवढंच विचारलं. त्या घरात आम्ही सहा वर्षं राहिलो. त्यामुळे गाव-आडनाव विचारायला आता मीच निघाले होते, ते मला फार सुखाचं वाटत नव्हतं.

पालांजवळ पोचले तेव्हा दोघं-तिघं जाळी विणत बसले होते. माझी हिंदी टीव्हीवरच्या मालिकांमधली. मी म्हणाले, "मैं इस गाव की पोलीस पाटील हूँ. आप लोगों की यादी बनानी है."

ते एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्यातला एक वयस्कर माणूस चुलीपुढे बसला होता. पंचेचाळिशीचा, बारीक, दाढीचे खुंट पांढरे. त्याने एक पालथं घमेलं पुढे सरकवलं आणि म्हणाला, "बैठिए दीदी. चाय बिना दूध का है."

तो स्वयंपाक करायचा आणि फाटकी जाळी सांधायचा. पाण्यात मात्र उतरत नव्हता. मासेमारांच्या टोळीतला माणूस पाण्यात उतरत नाही याचं मला तेव्हा नवल वाटलं, पण मी विचारलं नाही.

आठ जणांचं काम भराभर झालं. कुणाकडे रेशनकार्डाची झेरॉक्स, कुणाकडे मतदाराचं ओळखपत्र, घामाने चिकटलेलं. नववा हा चुलीपुढचा. त्याच्याकडे काहीच नव्हतं.

"गाव?"

"गाँव तो नदी में चला गया, दीदी."

"मग राहता कुठं? मतलब, घर किधर है?"

त्याने जिल्हा सांगितला, ठाणं सांगितलं. मी लिहून घेतलं. "उधर आपको पहचाननेवाला कौन?"

त्याने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "कोई नहीं."

तो रकाना मी रिकामा ठेवला. बाकी सगळे मान खाली घालून जाळी विणत होते. त्यांच्यातल्या एकाने काही बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ते मी पाहिलं होतं. तेव्हाच विचारायला हवं होतं.

आमच्या भागाचे हवालदार कागद बघून म्हणाले, "ताई, ह्यो रिकामा रकाना चालत न्हाई. एक तर भरून आणा, न्हाई तर त्याला म्हणावं, बाबा, तू आपल्या गावी जा." मी पंधरा दिवस मागून घेतले.

त्या पंधरा दिवसांत गावात बोलणं वाढलं. एसटीत कुणीतरी म्हणालं, धरण उडवलं तर घोडेगावापासून खाली सगळं वाहून जाईल. दुसरा म्हणाला, ते लोक भिंतीकडं टक लावून बघत असत्यात. धरणाच्या काठावर राहणारा माणूस धरणाकडे बघणार नाही तर कुठे बघणार! पण ते तेव्हा कुणाला सुचलं नाही, आणि मलाही मोठ्याने म्हणायचं धाडस झालं नाही. ग्रामपंचायतीपुढे चौघांनी मला गाठलं. "पाटीलबाई, उद्या काय झालं तर सही तुमची हाय, ध्यानात ठेवा."

आणि मग फोनचं कळलं.

घोडेगावात स्टँडजवळ एक एसटीडी बूथ होता. चालवणारा एका पायाने अधू, बोलका माणूस. मी माहेरी फोन करायला गेले की गावाकडची विचारपूस करायचा. त्या दिवशी त्याने काचेचं दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, तुमच्याकडचा तो मासेवाला, बारीकसा, दाढीवाला. तो दर रविवारी बाराच्या सुमाराला येतो. एकच नंबर लावतो."

"मग?"

"बोलत न्हाई वो काही. एक अक्षर न्हाई. चार-चार मिनिटं नुसतं ऐकतो नि ठेवून देतो. गेल्या हंगामातबी हेच, आताबी हेच. आता तुमीच सांगा, असा फोन कोण करतं?"

खरंच, असा फोन कोण करतं? पलीकडून कुणी हुकूम देतं आणि इकडचा फक्त ऐकतो, असंच माझ्या डोक्यात आलं. टीव्हीवर रोज तेच बघत होतो आम्ही.

घरी येऊन मी दोन दिवस कुणाला काही बोलले नाही. भाकरी करपली तेव्हा सासूबाईंनी नवऱ्याला खुणावलं. मग मी त्याला सगळं सांगितलं. त्याने करपलेली भाकरी ताटातून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "सांगून टाक. चूक निघाली तर त्याची माफी मागता येईल. न सांगता काही झालं तर कुणाकुणाची माफी मागशील?"

मी हवालदारांना सांगितलं.

पुढच्या रविवारी मला ठाण्यात बोलावलं. मी पोचले तेव्हा तो बाकावर बसलेला होता. बूथच्या दारातूनच त्याला आणलं होतं. अंगावर धुतलेला सदरा, केसांना तेल. मला बघून तो उभा राहायला गेला, हवालदारांनी खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. माझ्याच्याने त्याच्याकडे बघवेना.

साहेबांनी विचारलं, "किसको फोन करते हो?"

"घर का मामला है, साहब."

"घर कहाँ है?"

हवालदारांचा आवाज चढला. "अरे, घरचा मामला हाय तर सांग की! तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?" साहेबांनी हाताने त्यांना थांबवलं. बूथवाल्याच्या वहीतून नंबर आणलेला होता. साहेबांनी तो कागद समोर ठेवला, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. तुझी वेळ झाली ना? मीच लावतो."

तेव्हा तो पहिल्यांदा घाबरला. हात जोडून म्हणाला, "साहब, मत लगाइए. जेल में डाल दीजिए, पर मत लगाइए."

हे ऐकून मला वाटलं, झालं. सगळं खरं निघालं.

साहेबांनी नंबर फिरवला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा घंटा वाजली असावी, कारण त्यांनी मान ताठ केली. मला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी 'हॅलो' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. पलीकडून बाईचा आवाज येत होता, इतका खणखणीत की टेबलाच्या या बाजूला मलाही ऐकू येत होता. शब्द सगळे कळत नव्हते, पण सूर कळत होता. एखादी बाई धान्य निवडता-निवडता घरच्याशी बोलते तसा.

"आज देर कर दिए. खाना खाए कि नहीं? इधर ठंड बहुत है. छोटकी का ससुराल से चिट्ठी आया है, अच्छी है. गाय बियाई है, बाछी हुई है. तुम कंबल ओढ़ते हो कि नहीं…"

धाकटीची खुशाली, गाय व्याल्याची बातमी, एवढं मला कळलं. ती कुणाच्या उत्तराची वाट बघत नव्हती. थोडं थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा सुरू व्हायची. वर्षभर, कोण जाणे किती वर्षं, ती दर रविवारी न बोलणाऱ्या फोनला घरची हकिकत सांगत आली होती. पलीकडे कोण आहे हे तिला ठाऊक होतं.

रिसीव्हर कानापासून काढून साहेबांनी तो टेबलावरून त्याच्यासमोर धरला. त्याने घेतला नाही. दोन्ही हात त्याने मांडीखाली दाबून धरले. मग साहेबांनी स्वतः उठून रिसीव्हर त्याच्या कानाशी लावला आणि आम्हाला म्हणाले, "चला बाहेर. सगळे बाहेर."

हवालदार, मी आणि साहेब व्हरांड्यात उभे राहिलो. आतून बाईचा आवाज तेवढा येत होता. मग त्याचा आवाज आला, फाटका, अडकलेला. "हाँ. हम हैं." पुन्हा थोड्या वेळाने, "हाँ. हम ही हैं."

हवालदार खिशातला रुमाल काढून टोपीची पट्टी पुसायला लागले. साहेब आंब्याच्या झाडाकडे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुपारच्या एसटीला वेळ होता. मी त्याला स्टँडवर चहा दिला. दुधाचा. ग्लास दोन्ही हातांत धरून तो बसून राहिला. मी म्हणाले, "माफ करना, भाऊ. मेरी वजह से…" पुढे हिंदी सुचेना. "माझी चूक झाली," असं मी मराठीतच म्हणाले.

"आपने अपना काम किया," तो म्हणाला. मग, मी काही न विचारता, त्याने सांगितलं. तुटक तुटक, मधेच थांबत.

तो नावाडी होता. नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं न्यायचा. सात वर्षांपूर्वी पलीकडे जत्रा होती. नाव भरलेली होती, पाण्याला ओढ होती. मधोमध नाव कलंडली. मोठी माणसं पोहत निघाली. दोन लेकरं गेली. त्यातलं एक त्याच्या बायकोच्या भावाचं, एकुलतं. त्याने तीन दिवस नदी शोधली, चौथ्या दिवशी दुसरं लेकरू सापडलं, मेहुण्याचं सापडलंच नाही. कुणी त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त मेहुणा त्याच्याकडे बघायचा आणि काही बोलायचा नाही. महिन्याभराने तो बायकोला न सांगता निघाला. पुढच्या पुरात घरही वाहून गेलं, बायको भावाच्या दुकानात जाऊन राहिली. हे त्याला गावच्या कुणाकडून तरी कळलं, दुकानाचा नंबरही तिथूनच मिळाला. पहिल्यांदा फोन लावला तेव्हा बोलायचं ठरवून लावला होता. आवाजच फुटला नाही.

"और उसने पहचान लिया?" मी विचारलं.

"दूसरी बार में," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी पालांकडे गेले. चहा कुणी विचारला नाही. जाळी विणणारा जो त्या दिवशी बोलता बोलता थांबला होता, तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दीदी, हम सबको मालूम था. आप हमसे पूछ लेतीं." मी विचारलं नाही, कारण त्यांचं उत्तर मला खरं वाटलं नसतं, आणि बूथवाल्याचा संशय मात्र लगेच खरा वाटला.

पण कागदाचं काम संपलं नव्हतंच. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "पाटीलबाई, माणूस सरळ आहे, मला पटलं. पण मला पटून भागत नाही. उद्या माझी बदली होईल, मागून येणारा माणूस कागद बघेल. त्याच्या गावाहून काहीतरी पुरावा मागवा. मतदार यादीचा उतारा, मुखियाचं, म्हणजे तिकडच्या सरपंचाचं पत्र, काहीही. तोवर तो तुमच्या जबाबदारीवर."

मी बूथवरून त्या नंबरला फोन केला. पुरुषाने उचलला. मेहुणाच. मी माझ्या हिंदीत सगळं सांगितलं, कागद पोस्टाने पाठवा म्हणाले, पत्ता दोनदा लिहून घ्यायला लावला. तो फक्त "जी, जी" म्हणत होता. फोन ठेवताना त्याने एकच विचारलं, "पूना स्टेशन से आपका गाँव कितना दूर पड़ता है?"

कागद पोस्टाने आले नाहीत. आठवडाभराने दुपारच्या गाडीतून तो स्वतः उतरला. तीन दिवसांचा प्रवास, डोळे तांबारलेले, गळ्याला मफलर, हातात कापडी पिशवी. मी धरणाचं पाणी ओसरलेल्या गाळपेरातल्या हरभऱ्याला पाणी देत होते. कुणीतरी हाक मारली, "पाटीलबाई, तुमचं पावणं आलंय!" त्याला पाणी दिलं, भाकरी विचारली. तो म्हणाला, आधी त्याला भेटू द्या.

आम्ही काठाकाठाने निघालो. वाटेत मला भीती वाटत होती. मुलगा गेलेला बाप इतक्या लांब कशाला आला असेल? नुसते कागद द्यायला?

नावाडी चुलीपुढे मसूर निवडत होता. आमच्या पावलांचा आवाज ऐकून वर पाहिलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं. उठला नाही. डोकं गुडघ्यांत घातलं. मेहुणा जाऊन त्याच्या शेजारी मातीत बसला. पिशवी मांडीवर घेतली. दोघांचीही तोंडं पाण्याकडे. बाकीचे मासेमार जिथल्या तिथे थांबले.

मेहुणा पाण्याकडे बघतच बोलला. "नाव भर गई थी. तुम बोले थे, अब जगह नहीं है."

तो हलला नाही.

"तुम बोले थे, दूसरे खेप में ले जाएँगे. हम ही नहीं माने. हम ही बच्चे को उठाकर बिठा दिए तुम्हारी नाव में." त्याने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. "सात साल से यह बात किसी को नहीं बताए. अपनी बहन को भी नहीं. सब तुमको दोष देते रहे, हम सुनते रहे."

मग तो पालथ्या हाताने डोळे पुसू लागला, आणि गुडघ्यांतलं डोकं वर आलं. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. चुलीपुढच्याने हात लांब करून मेहुण्याच्या मफलरचं सुटलेलं टोक त्याच्या खांद्यावर नीट टाकलं. एवढंच केलं. मी तिथून उठून पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिले.

मेहुणा पाच दिवस पालावर राहिला. ठेकेदाराचा दुसरा स्वयंपाकी मिळेपर्यंत. कागद त्याने आणलेच होते, मतदार यादीचं पान आणि मुखियाचं शिक्क्याचं पत्र. मी नमुन्याचा रिकामा रकाना भरला. मूळ गावी ओळखणारा इसम: तिथे मेहुण्याचं नाव घातलं आणि नातं लिहिलं. ठाण्यात हवालदारांनी कागद घेतले आणि म्हणाले, "आता भरून उपयोग काय? तो तर चालला." साहेब म्हणाले, "असू द्या. फाईलला लावा."

निघायच्या दिवशी दोघं आमच्या घरी आले. सासूबाईंनी त्यांच्यासाठी नवा तांदूळ बांधून ठेवला होता. नावाड्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. सासूबाईंना हिंदी येत नव्हती. त्या म्हणाल्या, "बाबा, आता बायकोसंगं तोंडानं बोलत जा." नवऱ्याने ते त्याला हिंदीत सांगितलं. तो हसला. त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते, हे मला तेव्हाच कळलं.

गावातल्या ज्या चौघांनी मला गाठलं होतं, त्यांच्यातला एक त्या दिवशी स्टँडवर होता. त्याने मेहुण्याची पिशवी एसटीच्या टपावर चढवून दिली.

त्यानंतर मी किती नमुने भरले असतील. साहेबांचं म्हणणं मला आजही चुकीचं वाटत नाही. नुकसान करायला निघालेला माणूस खरंच कुणाच्या तरी ओसरीवर चार महिने राहतोच, आणि कुणीतरी विचारायलाच पाहिजे. फक्त त्या वर्षापासून मी एक केलं. कागदपत्र नसलेला माणूस भेटला की नमुना पिशवीतच ठेवून आधी त्याच्या शेजारी बसायचं, आणि त्याच्याबद्दलची पहिली गोष्ट त्याच्या बरोबरीच्यांना विचारायची. हवालदार म्हणायचे, "ताई, तुमच्या याद्या लई उशिरा येतात." यायच्या उशिरा.

पुढच्या हंगामात मासेमारांची टोळी पुन्हा आली. सहा जुने, तीन नवे. जाळी विणणाऱ्याने मला दुरून पाहिलं आणि स्वतःच घमेलं पालथं घातलं. तो म्हणाला, नावाडी तिकडे आता दुकानात बसतो, नावेवर मात्र चढत नाही. मेहुण्याशी कधी बोलतो, कधी आठ-आठ दिवस बोलत नाही. बायकोने त्याला फोनजवळ फिरकू द्यायचं नाही असं ठरवलंय, म्हणते, बहुत सुन लिए.

त्याने पिशवीतून एक फुगलेली पुडी काढून दिली. "उनकी घरवाली ने भेजा है. मखाना." लाह्यांसारखं पांढरं, हलकं काहीतरी होतं. आम्ही आधी कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी ते चिवड्यात घातलं आणि वरून ओलं खोबरं पेरलं. संध्याकाळपर्यंत सगळं मऊ पडलं. तरी आम्ही ते खाल्लं, नवरा म्हणाला चव बरी आहे, आणि सासूबाईंनी त्याला आणखी एक वाटी वाढली.